मागलीचा शब्द

फार वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांत रस्ते नव्हते, नुसत्या वाटा होत्या. पाय थांबले की वाट मोडायची, आणि पाय पडत राहिले की टिकायची.

त्या काळी एका पठारावर एक राज्य होते. लहानच म्हणायचे. एक तळे, एक वेस, चार पेठा आणि भोवताली नाचणीची शेते. तिथे सगळे पिकत असे, फक्त मीठ पिकत नसे. मीठ खालून, समुद्राकडून घाट चढून यायचे. ते डोक्यावर वाहून आणणाऱ्या माणसांना हेलकरी म्हणत. चाळीस बाया-पुरुषांची एक रांग. प्रत्येकाच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाची गोणी. घाटात जागोजागी छातीइतक्या उंचीचे दगडी कट्टे बांधलेले होते. त्यांना विसावा म्हणत. हेलकरी तिथे ओझे टेकवून दम खात आणि पुन्हा निघत.

निघताना ते एक शब्द म्हणत. हुमो. हा शब्द आज कुणाच्या बोलण्यात नाही. तो कसा आला आणि एकदा कसा चुकला, तेवढे मात्र ऐका. मुलांनी ऐका, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

त्या राज्याच्या राजाला एकदा वाटले की आपल्या मुलखातले शब्द गुरांसारखे इकडेतिकडे भटकत आहेत, ते एका दावणीला बांधावेत. म्हणून त्याने एक माणूस नेमला. हा माणूस पंडित नव्हता. वेशीवर नोंदी ठेवता ठेवता आपला आपणच अक्षर शिकलेला होता. पण नोंद नेटकी. आज वारा कुठून होता हेसुद्धा लिहून ठेवायचा. लोक त्याला कोशकार म्हणू लागले.

कोशकाराची रीत ठरलेली होती. कुठलाही शब्द तीन माणसांना विचारल्याशिवाय वहीत घ्यायचा नाही. आधी शब्द, मग अर्थ, मग मूळ. ज्याची खात्री पटली नाही त्याच्यापुढे समासात बारीक ठिपका द्यायचा, आणि खात्री झाली की तो खरवडून काढायचा. असे करता करता एकोणीस वर्षे गेली. केस गेले, पाठ वाकली, लिहिताना उजव्या हाताचा अंगठा ठणकू लागला. घरी त्याची विधवा थोरली बहीण होती. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. ती काजळी आणि हिरडा उकळून त्याच्यासाठी शाई करी. तिचे गुडघे गेले होते. बसली की उठताना भिंत धरावी लागे.

"बापू, आता कुठं आलास?" ती रोज विचारी.

"स संपला, आक्का. ह लागला."

"ह नंतर काय राहतं?"

"फार नाही."

"मग लवकर आटप. माझ्यानं आता हिरडे कुटवत नाहीत."

असा तो ह ला लागलेला असताना, एका दुपारी, हुमो विचारायला वेशीवर जाऊन बसला. ऊन मरणाचे होते. घाटातून रांगेतले पहिले तिघे वर आले आणि त्यांनी वेशीच्या कट्ट्यावर गोण्या टेकवल्या. सगळ्यांत पुढचा हेलकरी उंच आणि मोठा बोलका होता. राज्यात त्याला आघाड्या म्हणत.

"हुमो म्हणजे काय रे?" कोशकाराने विचारले.

"हुमो म्हंजे चला," दुसरा म्हणाला.

"चलाच की. हुमो आला की उचलायचं आन चालायचं," तिसरा म्हणाला.

आघाड्या घाम पुसत हसला. "एवढ्यासाठी उन्हात बसला व्हय तुमी? घरी बायकूनं हाकललं का?"

"बायको नाही मला."

"मग ठीक हाय. पर आमाला इचारून काय उपेग न्हाई, काका. शब्द मागलीचा हाय. तिला इचारा. यील ती सांजेपातुर."

मागली म्हणजे रांगेतली सगळ्यांत शेवटची. एक म्हातारी होती. कोशकाराने उठून घाटाखाली पाहिले. खूप खाली, चौथ्या विसाव्यापाशी, एक ठिपका हलत होता. हलत होता की नाही तेही नीट कळत नव्हते.

त्याने मनात हिशेब केला. तीन माणसे विचारून झाली होती. दोघांनी एकच अर्थ सांगितला होता, तिसऱ्याने तो नाकारला नव्हता. मूळ तेवढे राहिले होते. आक्काने सकाळीच सांगून ठेवले होते की आज कुळथाचे कळण आहे, गार करू नकोस. आणि त्याला कंटाळा आला होता. त्या दिवसाचा नव्हे. एकोणीस वर्षांचा कंटाळा एकाच दुपारी अंगावर आला होता.

त्याने वही मांडीवर घेतली आणि लिहिले: हुमो. अर्थ, चला. मूळ, पुढाऱ्याची हाक.

हाक पुढाऱ्याचीच असणार, दुसऱ्या कुणाची असेल, असे त्याला वाटले. तरी हाताला सवय होती. त्याने समासात एक बारीक ठिपका दिला, वही मिटली आणि तो जेवायला घरी गेला.

महिन्याभराने कोश पुरा झाला. तो ठिपका खरवडायचा राहिला तो राहिलाच.

पुढच्या वर्षी तळे आटले. त्याआधीची दोन वर्षेही पाऊस नावापुरताच झाला होता. तळ्याच्या मातीला इतक्या रुंद भेगा पडल्या की त्यांत गाईचा खूर जाई. तेव्हा राजाने ठरवले की सगळ्यांनी उठायचे. डोंगररांगेपलीकडे सहा मुक्कामांवर एक बारमाही नदी होती. तिच्या काठी नवे गाव वसवायचे.

राजा वाईट नव्हता. तोही थकला होता. त्याने हेलकऱ्यांना बोलावले, त्यांना लोकांच्या रांगेत अंतराअंतरावर वाटून दिले आणि सांगितले, "ओझे कसे न्यायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. लोकांना शिकवा."

त्या मुलखात एक जुना रिवाज होता. बियाणे नेहमी म्हाताऱ्यांच्या कमरेला बांधायचे. तरुण माणूस भुकेला की बी खातो, म्हातारा भुकेला की गप्प बसतो, असे लोक म्हणत. म्हणून नाचणीचे, वरीचे, कुळथाचे निवडक बी लहान लहान पुरचुंड्यांत बांधून म्हाताऱ्या माणसांना दिले गेले. आक्कालाही एक पुरचुंडी मिळाली. म्हातारी माणसे सावकाश चालणार, म्हणून त्यांना रांगेच्या टोकाला ठेवले. सगळ्यांत शेवटी, नेहमीसारखी, मागली.

"इतकी माणसे," राजा म्हणाला, "एका वेळी उठवायची कशी? कोशकार, एखादा शब्द असेल ना तुमच्याकडे? छोटासा?"

कोशकाराने कोश उघडला. चल, चला, निघा, उठा असे पुष्कळ शब्द होते. पण राजाला ते कानावरून गेलेले वाटले. पाने उलटता उलटता तो ह शी आला आणि त्याने वाचले, "हुमो. अर्थ, चला. मूळ, पुढाऱ्याची हाक."

"हा छान आहे," राजा म्हणाला. "हेलकऱ्यांना ओळखीचाही आहे. आम्ही पुढे असू. नगारा वाजला की हुमो म्हणायचे."

कोशकाराला समासातला ठिपका दिसला. तो बोलणार होता. पण दरबारात दीडशे माणसे उभी होती, प्रत्येकाला घरी जाऊन सामान बांधायचे होते. एवढ्या माणसांना एका ठिपक्यापायी कुठे खोळंबून ठेवायचे, असे त्याला वाटले. त्याने कोश मिटला.

निघायच्या दिवशी आक्का म्हणाली, "तू कुठं चालणार?"

"पुढं. राजाबरोबर. कोशाच्या पेट्या खेचरावर आहेत, त्यांच्याजवळ राहावं लागेल."

"राहा. मी येते मागून. माझा खलबत्ता तेवढा मी जवळ ठेवलाय. तिथं गेल्यावर शाई लागेल."

"जड आहे गं तो."

"मग काय तू घेणार आहेस?"

तो पेट्यांच्या दोऱ्या आवळू लागला. तीही गुडघ्यावर हात ठेवून टोकाकडे चालू लागली.

रांग निघाली. ती इतकी लांब होती की पहिल्या माणसाने डोंगराला वळसा घातला तेव्हा शेवटचा अजून वेशीत होता. या वाटेवरही मुक्कामागणिक एक जुना विसावा होता. पहिल्या विसाव्यापाशी पुढची माणसे टेकली. त्यांनी पाणी प्यायले, पाय चेपले, गप्पा मारल्या. मग नगारा वाजला आणि आरोळी उठली, "हुमो." ती एका वळणावरून दुसऱ्या वळणावर गेली, कड्यांवर आपटून परत आली. शब्द कुठून येतो आहे हे मधल्या कुणाला सांगता आले नसते.

हेलकऱ्यांनी तो ऐकला आणि ओझी उचलली. त्यांच्या हिशेबी हुमो हा खोटा पडणारा शब्दच नव्हता. तो कानावर आला की मागे बघायचे कारण उरत नसे. आणि डोक्यावर ओझे असताना मान वळवायची नाही, हे तर त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेले. त्यांनी लोकांनाही तेच शिकवले. "हुमो आला की चालायचं. मागं बघायचं न्हाई." लोक चांगले शिकले.

दुसऱ्या संध्याकाळी कोशकाराला आक्काची आठवण झाली. तो रांगेतून मागे चालत मध्यापर्यंत गेला. तिथे आघाड्या पाण्याच्या घागरी उतरवत होता.

"टोकाची माणसं कुठवर आली असतील रे?"

"येत्यात की. सकाळी हुमो आला न्हवं?"

"आला होता."

"मग झालं तर. हुमो आला म्हंजे आक्का उठल्या आसत्याल. तुमी निवांत पडा."

कोशकार तिथे क्षणभर उभा राहिला. सकाळचा हुमो नगारेवाल्याने दिला होता हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हाच त्याने विचारायला हवे होते की हुमोचा आणि आक्काच्या उठण्याचा काय संबंध. पण पाय सुजले होते आणि झोप डोळ्यांवर उतरत होती. तो परत गेला आणि पडला.

सहाव्या दिवशी दुपारी नदी दिसली. पाणी होते, खरेच होते. माणसे नुसती पाण्यात जाऊन बसली. राजाने स्वतः नांगर धरून पहिले तास घातले आणि म्हणाला, "बी आणा."

बी कुणाकडेच नव्हते.

"म्हातारी माणसे कुठे आहेत?"

"येतात मागून."

सगळे खिंडीकडे बघत उभे राहिले. रांग येत होती. कुटुंबे आली, बैल आले, कोंबड्यांचे खुराडे आले. मग एक तरुण माणूस डोक्यावर ओझे आणि खांद्यावर करडू घेऊन आला, आणि त्याच्यामागे नुसती वाट होती.

"तुझ्यामागे कोण आहे?" राजाने विचारले.

त्या माणसाने डोक्यावरचे ओझे उतरवले आणि सहा दिवसांत पहिल्यांदा मागे वळून पाहिले.

"मी शेवटचा नाही, महाराज," तो म्हणाला. "मी मधे होतो."

आघाड्याचे तोंड उतरले. "आसं कसं व्हईल? हुमो आला हुता. रोज आला हुता. मागली उठल्याबिगर हुमो येतोच कसा?"

"हुमो आम्ही दिला," राजा म्हणाला. "कोशात तसेच आहे. मूळ, पुढाऱ्याची हाक."

आघाड्याने कोशकाराकडे पाहिले. कोशकाराला पेटी उघडून बघायची गरज नव्हती.

"महाराज," तो म्हणाला, "चूक माझी आहे. मला मागलीला विचारायला सांगितलं होतं. मी थांबलो नाही. मी आणायला जातो."

"तू?" राजाने त्याच्या पायांकडे पाहिले.

"मीच."

आघाड्याने एक घागर, भाकऱ्यांची शिदोरी आणि एक जाड कांबळे उचलले. "चला काका," तो म्हणाला. आज त्याने थट्टा केली नाही.

उलट जाताना वाट चढाची होती. दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना ते चौथ्या विसाव्यापाशी पोचले. तिथे तीन म्हातारे बसले होते. दोघांनी मान वर केली.

"आलात का?" एकजण म्हणाला. "आम्ही रांगेला गाठायला पुढं निघालो हुतो. आमाला वाटलं, कुणीतरी मागं बघंल."

तिसरा दोर वळणारा होता. सगळे गाव त्याच्या दोरांनी विहिरीचे पाणी काढत असे. तो कट्ट्याला पाठ टेकून बसला होता, आणि त्याने मान वर केली नाही. तो परवाच गेला होता. त्याच्या मुठीत बियाण्याची पुरचुंडी होती. आघाड्याने बोटे सोडवली आणि ती बघितली. गाठ जशी बांधली होती तशीच होती. एक दाणाही कमी नव्हता.

कोशकार तिथे खूप वेळ बसला. मग त्या चौघांनी मिळून त्याला दगडांखाली ठेवले. पुरचुंडी कोशकाराने आपल्या कमरेला बांधली.

तिसऱ्या विसाव्यापाशी नऊ माणसे भेटली. आणि त्याच्या पुढच्या सकाळी, दुसऱ्या विसाव्यापाशी, झऱ्याजवळ, बाकीची सगळी. आक्का झऱ्यात पाय सोडून बसली होती. तिच्या शेजारी गुडघे उभे करून मागली बसली होती, काळी, वाळलेली, तोंडात सुपारीचे खांड.

"बापू, जेवलास का?" आक्का म्हणाली.

तो तिच्याजवळ खाली बसला.

मागलीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. "तूच न्हवं का तो लिव्हणारा? उशीर केलास. त्या दिशी सांजच्याला मी येशीत आले तर माणसं म्हणली, कुणी शब्द इचारत बसलं हुतं तुझ्यासाठी. म्हणलं कुठंय? तर म्हणं जेवाया गेलं."

"मीच लवकर बोलावलं होतं त्याला," आक्का म्हणाली. "कळण केलं होतं."

"बरं झालं हुतं का?"

"मीठ कमी होतं."

"मीठ माझ्या डोक्यावर हुतं की," मागली म्हणाली, आणि दोघी थोड्या हसल्या. कोशकार हसला नाही.

"आजी," तो म्हणाला, "आता विचारतो. सांगाल का?"

मागलीने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

"माझ्या आजीच्या आजीच्या बी आधीचं हाय हे. तवा हुमो नव्हता. पुढचा म्हणायचा उठा, की समदी उठायची. आता तूच बघ. पुढचा इसाव्याला आधी येतो. बसतो, पाणी पितो, बिडी वढतो. मागचा येईस्तवर त्याचा दम परत आलेला आसतो. मागचा आला, वझं टेकलं, की पुढचा म्हणतो चला, समदी आली. मंग मागच्यानं कवा बसायचं?"

कोशकार जरा पुढे सरकून बसला.

"तर आशीच येक बाई मागं हुती. पाच इसाव्यांवर ती पोचली तवा बाकीची उठत हुती. साव्या इसाव्याला ती पोचलीच न्हाई. वर जाऊन गोण्या मोजल्या तवा कळलं, येक कमी हाय. बाई कमी हाय हे गोणीवरनं कळलं. तवा मान्सांस्नी लाज वाटली. मंग ठरलं की इसाव्यावरनं आधी मागल्यानं उठायचं. त्याचा दम परत आला, त्यानं वझं उचललं, की छातीतनं हुम्म आसा आवाज येतो बघ. तो त्याच्या पुढल्यानं ऐकायचा आन उचलायचं. त्याचा त्याच्या पुढल्यानं. आसं करत करत शेवटाला पुढारी उठायचा. रांग शेपटाकडनं उठती, लेकरा. डोस्क्याकडनं न्हाई."

"म्हणजे हुमोचा अर्थ चला असा नाही."

"चला कसला? हुमो म्हंजे मी उठले. मंग तुमी चला, न्हाईतर बसा."

"मग तुम्ही पहिल्या दिवशीच कुणाला पुढं का पाठवलं नाही?"

"धाडला की गुराख्याला येका. तो आलाच न्हाई. त्याला बी वाटंत हुमो ऐकू आला आसंल." ती उठून उभी राहिली आणि तिने कोशकाराच्या हातात स्वतःची काठी दिली. "आज मागला तू. मी तुझ्या पुढं चालते. किती वर्सांनी कुणाची तरी पाठ बघीन."

आघाड्याने कांबळ्याची झोळी केली आणि ज्याला मुळीच चालवत नव्हते अशा एका म्हाताऱ्याला पाठीवर घेतले. आक्काने दुसरी एक काठी धरली. तिचा खलबत्ता कोशकाराने कापडात गुंडाळून कट्ट्यावर ठेवला. सगळे पाणी पिऊन तयार झाले आणि कोशकाराची वाट बघू लागले.

"हुमो," कोशकार म्हणाला.

कुणी हलले नाही.

"तोंडानं म्हणलास," मागली म्हणाली. "बस परत. तुझा दम आजून आला न्हाई."

"मी तयार आहे."

"पाय बघ तुझे. कापत्यात. बस म्हणते न्हवं."

तो बसला. त्याच्या एकट्यासाठी पंचवीसेक म्हातारी माणसे कट्ट्याशी उभी होती, आणि कुणी कुरकुर केली नाही. एकीने शेजारणीच्या पायातला काटा काढायला घेतला. इतक्या वर्षांत आपल्यासाठी कुणी असे थांबल्याचे त्याला आठवेना. मग आठवले. आक्का थांबायची, रोज, जेवायला. त्याने डोळे मिटले. खूप वेळाने श्वास पोटापर्यंत जाऊ लागला. तो उठला, कट्ट्याशी वाकून त्याने खलबत्ता डोक्यावर घेतला, आणि मान ताठ करताना त्याच्या छातीतून आपोआप एक आवाज निघाला. मोठा नव्हता. पण मागलीने तो ऐकला आणि तिच्याही छातीतून तसाच निघाला. मग आक्काच्या, मग तिच्यापुढच्याच्या. असा तो एकेका छातीतून पुढे सरकत गेला, आणि शेवटी सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या आघाड्याने पाऊल टाकले.

वाटेत तिसऱ्या विसाव्यावरची आणि चौथ्यावरची माणसे रांगेत मिसळली. चार मुक्कामांची वाट त्यांना दहा दिवस पुरली. चौथ्या विसाव्यापाशी दगडांच्या ढिगाजवळ सगळे जास्त वेळ बसले. पुढे त्यांच्यातला कुणी मागे राहिला नाही.

नदीकाठी राजा खिंडीच्या तोंडाशी उभा होता. रोज सकाळी तो तिथे येऊन उभा राहत होता, असे लोकांनी नंतर सांगितले. शिधा संपत आला होता. माणसे कंदमुळे उकडून खात होती. एकेका म्हाताऱ्याने कमरेची पुरचुंडी सोडली आणि राजाच्या उपरण्यात ठेवली. दोर वळणाऱ्याची पुरचुंडी कोशकाराने सगळ्यांत शेवटी ठेवली, आणि ती कुणाची ते सांगितले. दोर वळणाऱ्याचा मुलगा तिथेच उभा होता. तोही सहा दिवस मागे न बघता चालला होता. तो कोशकाराला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

पेरणी उशिरा झाली. त्या वर्षी पीक अर्धेच आले, आणि हिवाळ्यात पुष्कळ घरांनी दिवसातून एकदाच चूल पेटवली. आक्काचे गुडघे पुन्हा धरले ते सुटले नाहीत. पुढची तीन वर्षे ती बसूनच शाई कुटत होती.

राजाने कोशकाराला शिक्षा केली नाही. "नोंद दुरुस्त करा," एवढेच तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, "माझेही चुकले. शब्द आवडला आणि मी तो घेतला. कुणाचा आहे ते विचारले नाही."

कोशकाराने जुनी नोंद खोडली, पण वाचता येईल अशी खोडली. समासातला ठिपका ठेवला. खाली त्याने लिहिले:

हुमो. सर्वांत मागच्या माणसाने, दम परत आल्यावर, ओझे उचलताना त्याच्या छातीतून निघणारा आवाज. हा ऐकू आल्यावर पुढच्यांनी चालावे. मूळ, मागली. विचारायला उशीर झाला.

त्यानंतर त्या गावात एक चाल पडली. लोक पाण्याला गेले, बाजाराला गेले की आधी टोकाला बघत, आणि तिथून आवाज आल्याशिवाय पाऊल उचलत नसत. बाहेरचे प्रवासी म्हणत, ही माणसे फार सावकाश निघतात. खरे होते ते. सावकाशच निघत. त्यांच्यातला कुणी पुन्हा वाटेत राहिला नाही.

म्हणून जाणत्यांनी सांगून ठेवले आहे: सगळ्यांत मागचा उठला, तरच सगळे निघाले असे म्हणावे.